जॅकी रॉबिन्सन : दुय्यम संघातून घडलेला इतिहास



शाळेच्या संघांची निवड जाहीर झाली, की सूचनाफलकापुढे दोन प्रकारचे चेहरे दिसतात. 'अ' संघात नाव लागलेली मुले उड्या मारत मैदानाकडे पळतात आणि 'ब' संघात नाव लागलेली मुले मान खाली घालून वर्गात परत जातात. काही जण तर दुसऱ्या दिवशी सरावालाच येत नाहीत. मग एखादे पालक भेटायला येतात आणि आमच्या मुलाला दुसऱ्या संघात का टाकले, असे विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण या वेळी त्याचे उत्तर म्हणून मी एका खेळाडूचे चरित्र सांगणार आहे. हा खेळाडू कॉलेजमध्ये बास्केटबॉल गाजवत होता. पुढे एका मोठ्या संघाने त्याला संधी दिली ती मात्र दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये, तीही वेगळ्याच खेळात. त्या दुय्यम संघात त्याने काढलेल्या एका वर्षाने अमेरिकेच्या क्रीडाजगताचे रूप बदलले. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन.

बालपण

जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन याचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, कैरो नावाच्या लहानशा गावाजवळ झाला. घरचे लोक कृष्णवर्णीय. आजोबांच्या पिढीने गुलामगिरी पाहिलेली. वडील बटईने दुसऱ्याचे शेत कसत. जॅकी पाच भावंडांत सर्वांत धाकटा. तो अगदी तान्हा असतानाच वडील घर सोडून निघून गेले, ते परत आले नाहीत.

आई मॅली हिने मोठे धैर्य दाखवले. सन १९२० मध्ये पाचही मुलांना घेऊन ती आगगाडीत बसली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहरात आली. तेथे लोकांच्या घरी धुणे, इस्त्री, स्वयंपाक अशी कामे करून तिने संसार उभा केला आणि पेपर स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर घर घेतले. वस्ती गोऱ्या लोकांची होती. या कुटुंबाला तेथून काढून लावण्यासाठी शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या गोळा केल्या. मॅली जागची हलली नाही. पॅसाडेनातील सार्वजनिक पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीय मुलांना आठवड्यातून फक्त एक दिवस प्रवेश असे. अशा वातावरणात जॅकी मोठा झाला.

घरात खेळाचे वेड होते. मोठा भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक जेसी ओवेन्स यांना मिळाले आणि दोघांत अंतर होते ०.४ सेकंदाचे. पण पदक घेऊन घरी आलेल्या मॅकला शहराने कोणते काम दिले? रस्ते झाडण्याचे. अंगात ऑलिंपिकचे जाकीट घालून तो पॅसाडेनाचे रस्ते झाडत असे. जॅकीने हे डोळ्यांनी पाहिले होते. केवळ पदकाने माणसाला मान मिळत नाही, ही गोष्ट त्याला फार लवकर कळली.

त्या वयात जॅकी रस्त्यावरच्या टवाळ मुलांच्या टोळीत फिरू लागला होता. त्याला त्यातून बाहेर काढले ते कार्ल डाउन्स नावाच्या तरुण धर्मोपदेशकाने. त्यांनी मुलांसाठी चर्चची दारे उघडली, तेथे खेळ सुरू केले आणि जॅकीला लहान मुलांना शिकवण्याचे काम दिले. जबाबदारी मिळाली आणि मुलगा सावरला.

कॉलेजचे दिवस

पॅसाडेनाच्या ज्युनिअर कॉलेजनंतर १९३९ मध्ये जॅकी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला. या विद्यापीठाला सर्व जण यू.सी.एल.ए. म्हणतात. तेथे त्याने फुटबॉल, बास्केटबॉल, अॅथलेटिक्स आणि बेसबॉल अशा चार खेळांत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करून मानचिन्ह मिळवले. चारही खेळांत असा मान मिळवणारा तो त्या विद्यापीठाचा पहिला विद्यार्थी ठरला. १९४० मध्ये लांब उडीत तो सर्व अमेरिकन विद्यापीठांत पहिला आला.

बास्केटबॉलमध्ये त्याचा संघ दुबळा होता, सामने बहुधा हरत असे. तरीही १९४० आणि १९४१ या लागोपाठ दोन वर्षी आपल्या विभागात सर्वाधिक गुण जॅकीच्याच नावावर होते. त्याची उंची सहा फुटांपेक्षा थोडी कमीच होती. पण त्याचा वेग, उडी आणि एकदम दिशा बदलण्याची कला यांपुढे उंच खेळाडू गोंधळून जात.

आता एक गमतीची गोष्ट लक्षात ठेवा. चार खेळांपैकी ज्यात त्याची कामगिरी सर्वांत वाईट झाली, तो खेळ होता बेसबॉल. विद्यापीठाकडून खेळताना त्याला दहा संधींमध्ये एकदाही धड टोला मारता आला नाही, अशी सरासरी निघाली. पुढे याच खेळात तो अजरामर झाला.

याच विद्यापीठात त्याची परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या रेचल आयसम हिच्याशी ओळख झाली. पुढे ती त्याची पत्नी झाली. १९४१ मध्ये पदवी पूर्ण होण्याआधीच जॅकीने कॉलेज सोडले. आईला आणि रेचलला हे पसंत नव्हते. पण काळ्या माणसाला पदवी घेऊन तरी कोणती नोकरी मिळणार, असे त्याला वाटत होते आणि आईचे कष्टही त्याला बघवत नव्हते.

दारे बंद होती

इतका गुणी खेळाडू, मग मोठ्या संघांनी त्याला का घेतले नाही? कारण एकच, त्याच्या कातडीचा रंग. बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेला तेथे मेजर लीग म्हणतात. १८८४ नंतर तेथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळलेला नव्हता. असा कोणताही नियम कागदावर लिहिलेला नव्हता, पण सर्व मालक तो पाळत होते. व्यावसायिक फुटबॉलमध्येही १९३४ पासून हेच चालू होते. आज जगप्रसिद्ध असलेली बास्केटबॉलची एन.बी.ए. तेव्हा जन्माला यायची होती आणि तिच्यात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू १९५० मध्ये आले.

म्हणून जॅकी मिळेल तेथे खेळत राहिला. हवाई बेटांवर एका लहान फुटबॉल संघातून तो थोडे दिवस खेळला. पर्ल हार्बरवर हल्ला होण्याच्या दोन दिवस आधी तो तेथून जहाजाने परत निघाला होता. १९४२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि १९४३ च्या जानेवारीत सेकंड लेफ्टनंट झाला.

६ जुलै १९४४ रोजी टेक्सासमधील कॅम्प हूड या लष्करी तळावर तो बसमध्ये बसला होता. चालकाने त्याला मागच्या बाकावर जाण्यास फर्मावले. लष्कराच्या बसमध्ये असा भेद करण्यास मनाई झाली होती, हे जॅकीला ठाऊक होते. तो उठला नाही. प्रकरण वाढले आणि त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरला गेला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. त्यानंतर सन्मानपूर्वक सैन्यातून मुक्त होऊन तो टेक्सासमधील एका लहान कॉलेजात बास्केटबॉलचा प्रशिक्षक झाला. त्या कॉलेजचे प्रमुख होते त्याचे जुने मार्गदर्शक कार्ल डाउन्स.

१९४५ मध्ये त्याला कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल संघात महिना ४०० डॉलरवर काम मिळाले. या लीगमध्ये एकापेक्षा एक खेळाडू होते. पण रात्र-रात्र बसचा प्रवास करूनही वाटेतल्या उपाहारगृहात त्यांना जेवण मिळेलच याची खात्री नसे.

तीन तासांची भेट

२८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी जॅकीला आपल्या कार्यालयात बोलावले. रिकी यांच्या मनात दोन गोष्टी होत्या. हा भेद अन्यायाचा आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. शिवाय उत्तम खेळाडूंचा एवढा मोठा साठा कोणी हात न लावलेला पडून आहे, हे त्यांच्यातला व्यवहारी माणूसही ओळखून होता.

भेट सुमारे तीन तास चालली. रिकी यांनी कधी उद्धट हॉटेलवाल्याची, कधी शिवीगाळ करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका स्वतः करून दाखवली. जॅकीला काय काय ऐकावे लागेल, ते सर्व त्यांनी त्याला ऐकवले. मग अट घातली. काहीही झाले तरी उलट हात उचलायचा नाही, उलट शब्द बोलायचा नाही. एकदा जरी मारामारी झाली असती, तरी सर्व काळ्या खेळाडूंवर ठपका आला असता आणि दार पुन्हा वर्षानुवर्षे बंद झाले असते.

मुलांनो, ही अट कोणाला घातली जात होती, याचा विचार करा. एका वर्षापूर्वीच बसमधल्या जागेसाठी ज्याने खटला पत्करला, त्याला. जॅकी स्वभावाने तापट होता. त्याच्यासाठी बेसबॉलपेक्षा ही अट अधिक कठीण होती. त्याने ती स्वीकारली.

त्याला थेट ब्रुकलिनच्या संघात घेतले गेले नाही. अमेरिकेत प्रत्येक मोठा संघ लहान शहरांतून आपले दुय्यम संघ चालवतो. त्यांच्या स्पर्धांना मायनर लीग म्हणतात. खेळाडू तेथे तयार होतात आणि योग्य ठरले तर वर जातात. ही पद्धत रुजवण्यात स्वतः रिकी यांचाच मोठा वाटा होता. जॅकीला कॅनडातील मॉन्ट्रियल रॉयल्स या दुय्यम संघात घेतल्याचे २३ ऑक्टोबर १९४५ रोजी जाहीर झाले. पगार महिना ६०० डॉलर.

मॉन्ट्रियलचे वर्ष

१० फेब्रुवारी १९४६ रोजी जॅकी आणि रेचल यांचा विवाह झाला. थोड्याच दिवसांत दोघे सराव शिबिरासाठी फ्लोरिडाला निघाले. वाटेत दोनदा त्यांना विमानातून उतरवण्यात आले. शेवटचा प्रवास त्यांनी बसने केला, तोही मागच्या बाकांवर बसून. या वेळी मात्र जॅकी काही बोलला नाही. आपल्या मानी पतीला असे गप्प बसलेले पाहून रेचलला रडू आवरले नाही.

फ्लोरिडात सॅनफर्ड गावच्या लोकांनी धमकी दिल्यामुळे त्यांना रातोरात गाव सोडावे लागले. जॅक्सनविल शहरात सामन्याच्या दिवशी मैदानाला कुलूप लागलेले आढळले. पुन्हा सॅनफर्डमध्ये सामना असताना पोलीस प्रमुखाने मध्येच येऊन जॅकीला मैदानाबाहेर काढायला लावले. डेटोना बीच या शहराने मात्र त्याला खेळू दिले. शिबिरात त्याचा खांदा दुखावला, फटके लागेनात. जॉन राइट नावाचा दुसरा कृष्णवर्णीय खेळाडूही त्याच्यासोबत घेतला गेला होता. त्याला काही आठवड्यांतच आणखी खालच्या लीगमध्ये पाठवण्यात आले. जॅकीचेही तसेच होऊ शकले असते.

१८ एप्रिल १९४६ रोजी न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे हंगामाचा पहिला सामना झाला. बेसबॉलमध्ये आपल्या क्रिकेटसारखे दिवसभर फलंदाजी करता येत नाही. एका सामन्यात खेळाडूला चार-पाच संधी मिळतात आणि चेंडू टोलवून चारही बेस गाठले की एक धाव होते. जॅकी पहिल्या संधीत बाद झाला. दुसऱ्या संधीत त्याने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. त्या एका टोल्याने तीन धावा झाल्या. पाच संधींपैकी चारांत त्याने यश मिळवले, गोलंदाजाची नजर चुकवून दोन बेस चोरले आणि स्वतः चार धावा काढल्या. मॉन्ट्रियलने सामना १४–१ असा जिंकला.

पुढे सर्वत्र असे स्वागत झाले नाही. अनेक गावांत शिव्या ऐकाव्या लागल्या, संघासोबत हॉटेलात राहता आले नाही. पण मॉन्ट्रियलमध्ये दुसरेच चित्र होते. तेथे या दांपत्याला फ्रेंच बोलणाऱ्या वस्तीत घर मिळाले. घरमालकिणीने त्यांना चहा पाजून घर दाखवले. रेचलला दिवस गेले आहेत हे कळल्यावर शेजारच्या बायकांनी आपल्या वाट्याची रेशनची कुपने तिला आणून दिली. भाषा वेगळी, धर्मपंथ वेगळा, रंग वेगळा. तरी शेजार कसा असतो, हे त्या साध्या बायकांनी दाखवून दिले.

मनावरचा ताण मात्र वाढतच होता. जेवण जाईना, झोप येईना. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. पण सरासरी टिकवण्यासाठी बसून राहिला, असे कोणी म्हणू नये म्हणून तो लवकरच मैदानात परतला. हंगाम संपला तेव्हा त्याची सरासरी .३४९ होती, म्हणजे हजार संधींमागे ३४९ यशस्वी टोले. संपूर्ण लीगमध्ये ही सर्वोत्तम सरासरी होती. त्याने ११३ धावा काढल्या आणि ४० बेस चोरले. संघाने १०० सामने जिंकून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

मग दुय्यम संघांची अंतिम मालिका लुइव्हिल संघाशी झाली. त्या दक्षिणी शहरातील पहिल्या तीन सामन्यांत प्रेक्षकांनी जॅकीची इतकी हुर्यो उडवली, की त्याचा खेळ बिघडला आणि मॉन्ट्रियलने दोन सामने गमावले. मालिका मॉन्ट्रियलला आली आणि तेथील प्रेक्षकांनी आपल्या खेळाडूची बाजू घेतली. मॉन्ट्रियलने तिन्ही सामने जिंकले. ४ ऑक्टोबर १९४६ रोजी विजयानंतर लोकांनी जॅकीला खांद्यावर घेऊन मिरवले. तो कसाबसा बाहेर पडून रस्त्याने धावू लागला, तर गर्दी त्याच्या मागे धावली. काळ्या माणसामागे धावणारी गोऱ्यांची झुंड त्या काळी जीव घेण्यासाठी धावत असे. ही गर्दी प्रेमाने धावत होती.

संघाचे व्यवस्थापक क्ले हॉपर हे मिसिसिपीचे. सुरुवातीला त्यांना हा खेळाडू संघात नको होता. निरोप घेताना त्यांनी जॅकीचा हात हातात घेऊन त्याचे कौतुक केले. सात महिन्यांत एका माणसाचे मत बदलले होते. ते कोणत्याही भाषणाने बदललेले नव्हते.

पुढचे आयुष्य

त्या हिवाळ्यात जॅकी लॉस एंजेलिसच्या रेड डेव्हिल्स या व्यावसायिक संघाकडून थोडे दिवस आपला जुना खेळ, बास्केटबॉल, खेळला. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सतर्फे मेजर लीगच्या मैदानात उतरला. साठ वर्षांहून अधिक काळ बंद असलेले दार उघडले. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला.

१९४९ मध्ये रिकी यांनी त्याला मौनाच्या बंधनातून मोकळे केले. त्यानंतर जॅकी पंचांशी वाद घालू लागला, अन्याय दिसला की स्पष्ट बोलू लागला. गप्प होता तेव्हा त्याची स्तुती करणारे काही लोक आता नाराज झाले. पण त्याच वर्षी तो .३४२ च्या सरासरीने लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. १९५५ मध्ये त्याच्या संघाने विश्वविजेतेपद मिळवले. १९६२ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. निवृत्तीनंतर त्याने नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतला आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांना कर्ज देणारी बँक उभारण्यात पुढाकार घेतला.

घरचे दुःख त्यालाही चुकले नाही. थोरला मुलगा व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर व्यसनात सापडला. त्यातून बाहेर येऊन तो इतर मुलांना मदत करू लागला होता, तोच १९७१ मध्ये मोटार अपघातात गेला. मधुमेहाने जॅकीची दृष्टीही जवळजवळ गेली होती. तरी १५ ऑक्टोबर १९७२ रोजी भर मैदानात सत्कार स्वीकारताना त्याने एका कृष्णवर्णीय व्यवस्थापकाची नेमणूक झालेली पाहायची इच्छा बोलून दाखवली. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ती इच्छा १९७५ मध्ये पूर्ण झाली. रेचलने १९७३ मध्ये त्याच्या नावाने गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी संस्था सुरू केली. १९९७ मध्ये त्याचा ४२ हा क्रमांक मेजर लीगच्या सर्व संघांनी सन्मानाने निवृत्त केला. नंतर १५ एप्रिलला सर्व खेळाडूंनी ४२ क्रमांकाचा सदरा घालून खेळण्याची प्रथा पडली.

आपण काय घ्यावे

विद्यार्थ्यांनो, अन्याय झाला तर गप्प बसा, असा या चरित्राचा अर्थ काढू नका. बसमध्ये न उठणारा जॅकी आणि मॉन्ट्रियलमध्ये शिव्या ऐकूनही शांतपणे खेळणारा जॅकी, हे दोघे एकच होते. त्याचे मौन भीतीचे नव्हते. त्याला उद्देश होता आणि मुदतही होती. उद्देश पूर्ण झाल्यावर तो बोलला, आणि शेवटपर्यंत बोलत राहिला. केव्हा बोलायचे आणि केव्हा आपल्या कामालाच बोलू द्यायचे, हे ओळखणे म्हणजे संयम.

पालकांना आणि विश्वस्त मंडळाला एवढीच विनंती, की या कथेत फक्त जॅकीकडे पाहू नका. मुलांना घेऊन अनोळखी शहरात आलेली आई पाहा, टवाळ मुलावर जबाबदारी टाकणारे डाउन्स पाहा, कुपने आणून देणाऱ्या शेजारणी पाहा. चांगला खेळाडू मैदानात दिसतो, पण तो घडतो अशा माणसांच्या हातून.

आणि ज्यांचे नाव या वर्षी 'ब' संघात लागले आहे, त्यांनी उद्या सकाळी सरावाला वेळेवर यावे. मी मैदानावर असेन.